बोर्डिंगातून काढलेला मुलगा



पावसाळा सुरू झाला की आपल्या लोणावळ्यात घरोघरी आईवडिलांची एकच तक्रार असते. मुले सांगितलेले ऐकत नाहीत. नको म्हटले तरी भुशी धरणावर जातात, एका मोटारसायकलवर तिघे बसून घाटाच्या रस्त्याला सुटतात, लोकलच्या दारात लटकतात. अशा धाडसापायी काही घरांतील दिवे विझलेही आहेत, त्यामुळे आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण काळजीच्या भरात आपण एक प्रश्न विचारायचा विसरतो. मुलगा नियम मोडतो तो प्रत्येक वेळी एकाच कारणासाठी मोडतो का? आणि ज्याने नियम मोडला तो कायमचा वाया गेला असे समजायचे का?

या प्रश्नाच्या निमित्ताने आज आपण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या तरुणपणाकडे पाहू. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते. पांढरी दाढी, खादीचे कपडे आणि अनवाणी पाय असे त्यांचे चित्र पुस्तकात असते. पण हे कर्मवीर १६-१७ वर्षांचे असताना कसे होते हे फारसे कोणी सांगत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. मुलगा अंगापिंडाने दणकट होता. पुस्तकापेक्षा तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत त्याचा जीव रमे. सत्याप्पा भोसले नावाच्या एका बंडखोराचे त्याला लहानपणी मोठे आकर्षण होते. सरकारदरबारी तो गुन्हेगार, पण गोरगरिबांना मदत करणारा म्हणून लोकांत त्याचा बोलबाला होता. आपला मुलगा अशा माणसाच्या नादी लागला तर आपल्यापैकी कोणत्या बापाला झोप येईल?

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नसत. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी मिळे, नाहीतर उन्हात तिष्ठत बसावे लागे. भाऊरावांनी एकदा हे पाहिले आणि त्यांचे डोके फिरले. त्यांनी विहिरीचा रहाट मोडला आणि विहिरीत टाकून दिला. आज ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्या दिवशी गावाच्या दृष्टीने तो एका उर्मट पोराने केलेला नुकसानीचा प्रकार होता. आणि खरे सांगायचे तर, रहाट मोडल्याने कोणाचीही घागर भरली नाही. राग योग्य होता, पण नुसत्या रागाने विहीर खुली होत नाही.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला पाठवले. तेथील जैन बोर्डिंगात त्यांची राहण्याची सोय झाली. अभ्यासात मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती, गणिताशी तर उभे वैर. इंग्रजी सहावीत ते नापास झाले. भाऊरावांवर राजर्षी शाहू महाराजांचा लोभ होता. महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालावे म्हणून शाळेत शब्द टाकला. पण भार्गवराम कुलकर्णी नावाचे गणिताचे मास्तर बाणेदार होते. भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक हवा तर वर चढवतो, पण भाऊरावांना चढवणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी महाराजांना पाठवले. महाराजांनीही ते मानले. भाऊरावांचे शालेय शिक्षण तेथेच थांबले.

याच कोल्हापूरच्या दिवसांत बोर्डिंगाचा प्रसंग घडला. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने दलित विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करूनच आत यायचे, असा बोर्डिंगाचा दंडक त्यांना सांगण्यात आला. भाऊरावांनी साफ नकार दिला. बोर्डिंगाची देखरेख अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगातून काढून टाकले.

येथे लठ्ठ्यांना खलनायक ठरवण्याची घाई आपण करू नये. ते मोठे विद्वान आणि समाजाच्या शिक्षणासाठी झटणारे गृहस्थ होते. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पण चांगल्या माणसांच्या हातूनही रूढीचा नियम माणुसकीपेक्षा मोठा केला जातो. आपल्या समाजातील आधीच्या पिढीतील कित्येक जण मिशनच्या बोर्डिंगात शिकले. बोर्डिंगाची घंटा, रांग आणि शिस्त त्यांना ठाऊक आहे. त्या शिस्तीने अनेकांचे आयुष्य घडले. म्हणूनच बोर्डिंगातून नाव कमी होणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको. भाऊराव उघड्यावर पडले असते. पण शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

शाळा सुटली, लग्न झाले, पण हाताला काम नव्हते. हिऱ्यामाणकांची पारख शिकावी म्हणून भाऊराव मुंबईला गेले, तेही जमले नाही. घरी परतले तेव्हा वडील रागावले, आणि तो राग रास्तच होता. वाढत्या वयाचा धडधाकट मुलगा काही न करता जेवायला बसतो हे कोणत्या कष्टकरी बापाला आवडेल? ते बोलणे भाऊरावांच्या जिव्हारी लागले. त्यांनी घर सोडले आणि साताऱ्यात जाऊन शिकवण्या सुरू केल्या. जो स्वतः परीक्षेत नापास झाला तो आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवू लागला. साताऱ्यात लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले.

यानंतर त्यांच्या आयुष्यात कसोटीचा काळ आला. १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. या कृत्यामागे लठ्ठे आहेत असा आळ घेण्यात आला. भाऊरावांनी लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. विचार करा. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून काढले त्याचा सूड घेण्याची ही आयती संधी होती. नुसते हो म्हटले असते तरी काम झाले असते. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यासाठी त्यांना कोठडीत डांबण्यात आले आणि त्यांचा अतोनात छळ झाला. त्या छळाने ते इतके खचले की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

बोर्डिंगात दिलेला नकार आणि कोठडीत दिलेला नकार, दोन्ही एकाच मनातून आले. पहिल्या वेळी लोकांना तो पोरकट हट्ट वाटला असेल. दुसऱ्या वेळी मात्र तो हट्ट स्वतःच्या मानासाठी नव्हता हे उघड झाले. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यासाठीही सत्य सोडायचे नाही, इतकी ती ताकद वाढली होती.

पुढे भाऊरावांनी ओगले यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. त्या फिरतीत त्यांनी खेड्यापाड्यांतील दारिद्र्य आणि अज्ञान जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या राजाने घराबाहेर काढलेल्या मुलाला आसरा दिला, त्याचेच नाव त्या मुलाने उभारलेल्या घराला लागले.

या वसतिगृहात नियम नव्हते असे कोणी समजू नये. उलट शिस्त कडक होती. मुलांनी स्वतः राबायचे, शेतात काम करायचे, खडी फोडायची, आपले जेवण आपण करायचे आणि उरलेल्या वेळी अभ्यास करायचा. नियम सर्वांना सारखा होता आणि तो मुलाला खाली ढकलण्यासाठी नव्हता, वर काढण्यासाठी होता. स्वतः कर्मवीरही त्याच साधेपणाने राहत.

या कामाची मोठी किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मोजली. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सगळ्या जातींची मुले पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्मवीरांचे नाव घेताना या बाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

साताऱ्याचे ते वसतिगृह वाढत गेले. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. त्याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले तेव्हा संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले होती. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली होती. गणितात नापास झालेल्या मुलाला विद्यापीठाने दिलेला तो मान होता.

बंधुभगिनींनो, या चरित्राचा अर्थ असा नाही की नियम मोडणारा प्रत्येक मुलगा कर्मवीर होतो. धरणाच्या वाहत्या पाण्यात उतरणारा मुलगा कोणाची तहान भागवत नाही. तो फक्त स्वतःचा आणि त्याला वाचवायला धावणाऱ्याचा जीव धोक्यात घालतो. आपल्या तरुणांनी स्वतःला विचारावे, मी हा नियम कोणासाठी मोडतो आहे? माझ्या मजेसाठी की कोणावर होणाऱ्या अन्यायासाठी? आणि त्याची किंमत कोण मोजणार, मी की माझी आई?

आईवडिलांनी आणि शिक्षकांनीही या चरित्रातील मोठ्या माणसांकडे पाहावे. मास्तरांनी गुणांत सूट दिली नाही, ते बरोबरच केले. वडील रागावले, त्यातून मुलगा कामाला लागला. शाहू महाराजांनी मास्तरांचा नकार मानला, पण मुलाला टाकले नाही. चुकीला सूट नको आणि मुलाला दार बंद नको, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. आपल्या धर्मग्रामात शाळेतून नाव काढलेला, दहावीला बसलेला किंवा घरच्यांशी अबोला धरलेला एखादा मुलगा असेल. या आठवड्यात त्याच्या घरी कोणीतरी जावे, त्याच्याशी उपदेश न करता बोलावे आणि त्याच्या हाताला एखादे काम द्यावे. त्याने काय मोडले हे आपल्याला माहीत असतेच, ते का मोडले हे मात्र त्याला विचारावे.