नाणी तोलणारे, जनुके मोजणारे दामोदर कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास नवे नाही. 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारताचा इतिहास राजांच्या वंशावळींतून बाहेर काढला. परंतु जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आज नित्य घेतले जाणारे कोसंबी हे नावही याच गृहस्थांचे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून आम्ही येथे त्याच बाजूविषयी अधिक लिहीत आहोत.

त्यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे पालीचे थोर पंडित. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून आपणांस परिचित. त्यांच्यासमवेत दामोदर 1918 मध्ये अमेरिकेस गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस व अलीगढ येथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. याच काळात त्यांनी हजारो आहत नाणी काट्यावर तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते. ती झीज मोजून त्यांनी नाण्यांचा काळक्रम लावण्याचा यत्न केला.

मोजदादीचा हाच हात पुढे जनुकांकडे वळला. बीजपेशी तयार होताना मातापित्यांकडून आलेली गुणसूत्रे परस्परांत तुकड्यांची अदलाबदल करतात. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक वेळा होते. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढता येते. अडचण अशी की, मधल्या जागेत अदलाबदल दोनदा झाली तर जनुके पुन्हा एकत्र येतात आणि काही घडल्याचे दिसतच नाही. हाल्डेन यांनी 1919 मध्ये यासाठी सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एक झाली की तिच्या जवळ दुसरी सहसा होत नाही, आणि हा अटकाव अंतरागणिक ओसरतो. कोसंबींनी 1944 च्या अवघ्या चार पानी लेखात हे ओसरणे गणितात बसविले. शंभरांत 20 ताटातुटी आढळल्या तर हाल्डेनचे सूत्र सुमारे 25.5 एकके अंतर सांगते, कोसंबींचे 21.2.

तेव्हा पुण्यात संगणक नव्हता. पुढे जीवशास्त्र व संगणक यांच्या संयोगातून जैवमाहितीशास्त्र उभे राहिले आणि जनुकांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सूत्र जसेच्या तसे गेले. आपल्या बहुतेक पालकांच्या बांधीत धान असते. कडा करपा रोगास दाद न देणारे जनुक धानाच्या कोणत्या गुणसूत्रावर कोठे आहे, हे शोधणारा संशोधक संगणकावर अनेकदा ‘कोसंबी’ हाच पर्याय निवडतो. मानवी आनुवंशिक रोगांच्या जनुकांचा शोधही अशाच नकाशांच्या आधारे पुढे गेला.

कोसंबी नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस ये-जा करीत. 1962 मध्ये तो संबंध संपला. जातीविषयी इतके लिहिणाऱ्या या विद्वानाने बाबासाहेबांच्या ग्रंथांची फारशी दखल घेतली नाही, ही आमची तक्रार मात्र उरतेच.

29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे उत्खनन त्यानंतर तीन वर्षांनी, 1969-70 मध्ये झाले.