विश्लेषण : यंत्र नव्हते, तरी त्याच्या प्रत्येक पायरीची नोंद! एडा लव्हलेस यांचा तक्ता आजही का महत्त्वाचा?

मोबाइलवरून पैसे पाठवताना चक्र फिरत राहते आणि शेवटी व्यवहार अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. दोष नेमका कुठे होता हे शोधताना अभियंते त्या व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्याची नोंद तपासतात. या नोंदीला ‘ट्रेस’ म्हणतात. गणना पायरीपायरीने नोंदवण्याचे एक जुने आणि गाजलेले उदाहरण १८४३ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. त्याच्या कर्त्या होत्या २७ वर्षांच्या एडा लव्हलेस.

एडा लव्हलेस कोण होत्या?

कवी लॉर्ड बायरन आणि अ‍ॅनाबेला मिलबँक यांची ही कन्या. जन्म १० डिसेंबर १८१५, लंडन. त्या जेमतेम महिन्याच्या असताना आईवडील विभक्त झाले. बायरन यांनी १८१६ मध्ये इंग्लंड सोडले आणि बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. मुलगी वडिलांच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईने तिला गणिताची गोडी लावली. १८३३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी एडा यांची गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. १८३५ मध्ये विल्यम किंग यांच्याशी विवाह झाला. पुढे पतीला सरदारकी मिळाल्याने त्या काउंटेस ऑफ लव्हलेस झाल्या. तीन मुलांचा संसार सांभाळत त्यांनी ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे उच्च गणिताचे धडे घेतले. डी मॉर्गन यांचा जन्म भारतातला, मदुराईचा.

तो तक्ता काय होता?

बॅबेज यांनी ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ या यंत्राचा आराखडा केला होता. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून आज्ञा घेऊन ते आकडेमोड करणार होते. इटलीचे लुइजी मेनाब्रेआ यांनी त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडा यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट लांबीची टिपणे जोडली. शेवटच्या टिपणात बर्नुली संख्या काढण्याची कृती २५ पायऱ्यांच्या तक्त्यात आहे. कोणती क्रिया, कोणत्या स्तंभांतील संख्यांवर, उत्तर कुठे साठवायचे, कोणत्या स्तंभाचे मूल्य बदलले, हे सारे ओळीने मांडले आहे. स्तंभाचे मूल्य कितव्यांदा बदलले, याचीही खूण आहे. यंत्र पुरे झालेच नाही. त्यामुळे पडताळणीचा एकमेव आधार म्हणजे हा कागद.

त्यात चूक होती?

होय. चौथ्या पायरीत चौथ्या स्तंभातील संख्येला पाचव्या स्तंभातील संख्येने भागायला हवे. छापताना क्रम उलटा पडला. तक्त्यातील उदाहरणात या संख्या ७ आणि ९ येतात, म्हणजे सात नवमांशऐवजी नऊ सप्तमांश! पण त्याच ओळीतील निष्पत्तीचा रकाना बरोबर आहे. दोन्ही रकाने ताडून पाहिले की चूक उघडी पडते. नुसते अंतिम उत्तर छापले असते, तर ती सापडणे कठीण होते. गंमत म्हणजे याच कामात बॅबेज यांच्या हातून झालेली एक गंभीर चूक एडा यांनीच हेरली होती. तशी नोंद बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मचरित्रात केली आहे.

आजच्या ‘ट्रेस’शी साम्य काय?

आज एक ऑनलाइन व्यवहार डझनभर छोट्या प्रणालींतून जातो. प्रत्येक टप्प्याची सुरुवात, लागलेला वेळ आणि त्रुटी नोंदवली जाते. एक समान क्रमांक या नोंदी जोडतो. मग लाखो नोंदींतून दोन सेकंदांहून जास्त वेळ घेणारे किंवा फसलेले व्यवहार वेगळे काढता येतात. कोणता टप्पा रखडला, त्याने कोणाला अडवले, हे तिथे कळते. वेगाचा विचारही एडा यांच्या टिपणांत आहे. एकच गणित अनेक क्रमांनी करता येते, तेव्हा कमीत कमी वेळ घेणारा क्रम निवडणे महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले होते.

श्रेयाचा वाद काय?

असे काही तक्ते बॅबेज यांनी आधी आपल्या कागदांत मांडले होते. त्यामुळे पहिला प्रोग्राम कोणाचा, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र इतका तपशीलवार तक्ता छापून सर्वांपुढे तपासणीला ठेवला गेला तो एडा यांच्या टिपणांतून, हे निर्विवाद.

अखेर कशी झाली?

शेवटची वर्षे घोड्यांच्या शर्यतींतील कर्ज आणि कर्करोगाने ग्रासलेली होती. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांना हकनॉल येथील चर्चमध्ये वडिलांशेजारी विसावा मिळाला. अमेरिकी संरक्षण खात्याने पुढे आपल्या संगणकभाषेला ‘एडा’ नाव दिले. तिच्या १९८० च्या मानकाचा क्रमांक ठेवला १८१५, त्यांचे जन्मवर्ष.