पॉल एर्लिख
पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तत्कालीन प्रशियात झाला. विद्यार्थिदशेपासून त्यांना रंगद्रव्यांचे वेड. बोकडाला दुसऱ्या बोकडाचे रक्त टोचले असता त्याच्या रक्तात परक्याशी झुंजणारी प्रतिद्रव्ये निर्माण होतात, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र नाहीत. यावरून शरीर आत्मघात टाळते, असे मत त्यांनी १९०१ मध्ये मांडले. १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले; १९१५ मध्ये ते निवर्तले. या थोर पुरुषाच्या दराऱ्यानेच विरुद्ध पुराव्याकडे पंडितांचा दीर्घकाळ काणाडोळा झाला, असे आम्हांस वाटते. १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालर यांनी आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातील एक घटक वर्णिला. पुढे तो स्वकीय प्रतिद्रव्यांवरच उलटलेले प्रतिद्रव्य ठरला! आमच्या भोपाळात सुजलेल्या सांध्यांचे निदान करताना डॉक्टर रक्तात त्यालाच शोधतात. मात्र काही निरोगी माणसांतही तो आढळतो, आणि काही रुग्णांत मुळीच आढळत नाही.