दिवाण देवडीतील संग्राहक : नवाब सालारजंग तिसरे

नवाब मीर युसूफ अली खान असे नाव घेतले तर आपल्यापैकी फार थोड्यांना बोध होईल. परंतु सालारजंग म्हटले की हैदराबादचे ते भव्य म्युझियम लगेच नजरेसमोर उभे राहते. सहलीला गेलेले विद्यार्थी तेथील घड्याळ पाहतात, संगमरवरी रिबेका पाहतात आणि थक्क होऊन परत येतात. या वस्तू ज्याने घरात जमवल्या त्या माणसाविषयी मात्र त्यांना कोणी फारसे सांगत नाही. म्हणून हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी आपल्या पुण्यात झाला. घराणे निजामाच्या दिवाणांचे. आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत, तब्बल तीस वर्षे हैदराबादची दिवाणगिरी सांभाळली आणि कर्जात बुडालेल्या त्या राज्याची घडी बसवली. वडील मीर लायक अली खान हेही दिवाण होते. परंतु मूल जेमतेम महिन्याचे होते न होते तोच वडिलांचे निधन झाले. आजोबा तर त्याआधी सहा वर्षांपूर्वीच पैगंबरवासी झालेले. अशा रीतीने पाळण्यातच या मुलाकडे एक मोठे नाव, मोठी जहागीर आणि हैदराबादेतील दिवाण देवडी हा वाडा चालत आला. डोक्यावर हात ठेवणारे मात्र कोणी उरले नाही.

१९१२ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दिवाण नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. १९१४ मध्ये त्यांनी ते पद सोडले. आजोबांनी ज्या खुर्चीत तीस वर्षे काढली, त्या खुर्चीत नातवाला तीन वर्षेही पुरी झाली नाहीत. दरबारी जगात याला अपयशच म्हणतील. पण पुढची पस्तीस वर्षे त्यांनी ज्या कामात घालवली, त्याच कामाने घराण्याचे नाव टिकले.

हे काम म्हणजे वस्तू जमवणे. त्यांनी लग्न केले नाही. जहागिरीचे उत्पन्न हस्तलिखिते, चित्रे, चिनी मातीची भांडी, गालिचे, हस्तिदंताचे नक्षीकाम, शस्त्रे आणि घड्याळे यांवर खर्च होऊ लागले. परदेशातील त्यांचे हस्तक विक्रीस आलेल्या वस्तूंच्या याद्या पाठवीत, आणि निरनिराळ्या प्रांतांतील विक्रेते वाड्याच्या दारात माल घेऊन येत. स्वतः नवाबही युरोपात फिरून आले. काही मौल्यवान चिजा आजोबांच्या वेळच्याच होत्या. बुरख्यातील रिबेका ही त्यांपैकीच एक. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही मूर्ती आजोबांनी १८७६ साली रोममध्ये खरेदी केली. दगड तोच, संगमरवर. पण चेहऱ्यावरचा पडदा इतका तलम भासतो की त्याआडचे नाकडोळे स्पष्ट दिसतात.

जुन्या माणसांना परिचित असलेल्या यशब दगडाच्या, म्हणजे जेडच्या वस्तू तर विशेष पाहण्यासारख्या आहेत. सुलतान इल्तुत्मिशचे नाव कोरलेली रेहल, जहांगीर बादशहाचा खंजीर आणि नूरजहानची फळे कापण्याची सुरी या वस्तू इतिहासाच्या पुस्तकातील नावे एकदम हातातल्या वापराशी आणून जोडतात. वर्गात मोगलांचा इतिहास शिकवताना मला त्या सुरीचा फार उपयोग होतो. सनावळी विसरणारा मुलगाही ती सुरी विसरत नाही.

तथापि माझ्या मते या संग्रहाचे खरे मोल घरगुती वस्तूंत आहे. पानदान, सुराही, आफताबा, चिलमची, हुक्क्याचे भांडे या वस्तू आपल्या जुन्या घरांतून नांदलेल्या. यांतील बिदरी कामाचे दालन पालकांनी मुलांना मुद्दाम थांबून दाखवावे. बिदर आपल्या मराठवाड्याला लागूनच आहे. तेथील कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. मग मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ डोळ्यांना दिसते. त्या खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवला जातो. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यातून भांडे काढले की सारे जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते! अशा कारागिराचे नाव सहसा भांड्यावर नसते. घरात नवी भांडी आली की जुने मोडीत जाते, आणि त्याबरोबर त्या हाताची खूणही जाते. नवाबसाहेबांनी अशा कितीतरी खुणा राखल्या, बादशाही खंजिराच्या शेजारी मानाने ठेवल्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सालारजंगांनी घेतलेली प्रत्येक वस्तू श्रेष्ठ होती असे नाही. युरोपीय चित्रांत नकलाही आहेत, आणि खेळणी व हातातल्या काठ्या पाहिल्या की हौस विवेकापुढे धावली असे वाटते. शिवाय हा पैसा जहागिरीतील रयतेच्या घामाचा होता, हेही विसरता येत नाही. पण त्याच काळात इतर संस्थानिकांचा पैसा कशाकशात गेला हे आपण जाणतोच. त्यांच्याशी तुलना करता मी या नवाबाच्या हौसेला दोष देण्यास धजत नाही.

२ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. खरी कसोटी येथून पुढे सुरू झाली. सहा महिन्यांपूर्वीच पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली होती. थेट वारस कोणी नव्हता, आणि वस्तू निरनिराळ्या वाड्यांतून पसरलेल्या. वाटणी झाली असती, लिलाव झाला असता, तर कोणती सुराही कोणत्या देशात गेली याचा पत्ताही लागला नसता. इस्टेटीचा कारभार पाहण्यासाठी समिती नेमली गेली. हैदराबादचे तेव्हाचे मुख्य प्रशासक वेल्लोडी यांनी साऱ्या वस्तू एकत्र करून संग्रहालय करण्याचे मनावर घेतले आणि मांडणीचे काम कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे सोपवले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या घरात वस्तू राहिल्या त्याच घरात लोकांनी त्या पाहिल्या.

पुढे हायकोर्टाच्या निकालानुसार तडजोड होऊन १९५८ मध्ये भारत सरकारने संग्रह ताब्यात घेतला. मरहूम नवाबांच्या नातलगांनी वाट्याचा हट्ट धरला नाही, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. १९६१ च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, आणि १९६८ मध्ये मुसी नदीच्या काठावरील आजच्या इमारतीत संग्रह हलवण्यात आला. उद्घाटन केले राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांनी, जे स्वतः हाडाचे शिक्षक होते.

विद्यार्थी मित्रांनो, तेथे गेलात तर घड्याळासमोर जरूर बसा. तास भरण्याच्या सुमारास एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो आणि घंटा वाजवतो. पण ग्रंथालयाचीही आठवण ठेवा. तेथील उर्दू हस्तलिखितांची सूची नसीरुद्दीन हाशमी यांनी तयार केली आहे, आणि दखनी भाषेच्या अभ्यासकांचे तिच्यावाचून चालत नाही. २००० साली मूळ इमारतीच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती जोडण्यात आल्या. पश्चिमेकडील इमारतीला मीर तुराब अली खान आणि पूर्वेकडील इमारतीला मीर लायक अली खान यांचे नाव आहे, म्हणजे नवाबांनी कधीच न पाहिलेल्या आजोबांचे आणि त्यांना महिनाभरही न लाभलेल्या वडिलांचे.