शिरोडकर टाका: पाचव्या महिन्यातला गर्भपात रोखणारे डॉक्टर कोण होते?

शिरोडा म्हटलं की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला आपलं मिठागरांचं गाव आठवतं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मात्र गोव्यातल्या शिरोड्याचे. जन्म 1899 चा. शाळा हुबळीत, डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, 1931 मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस आणि मग जेजे रुग्णालय.

काही बायकांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच पडायचा. तोही दर खेपेला. दोष बाईला, उपाय नवसाचा! शिरोडकरांनी कारण शरीरात शोधलं. गर्भाशयाचं तोंड सैल असेल तर वाढता भार पेलत नाही आणि ते वेळेआधीच उघडतं. मांडीच्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ते तोंड बांधलं. 1955 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

आपोआप पडलेला असो वा पाडलेला, मराठीत दोन्हींना गर्भपातच म्हणतात. कायद्यात मात्र फरक मोठा. शिरोडकरांच्या सगळ्या कारकिर्दीत 1860 चा दंड विधान कायदा लागू होता. बाईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात करणं गुन्हा होता, तिची संमती असली तरी.

मार्च 1971 मध्ये शिरोडकर गेले. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि ठरावीक कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी मिळाली. 2021 मध्ये बलात्कारपीडितांसह काही स्त्रियांसाठी ही मर्यादा 24 झाली. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर मेडिकल बोर्ड त्यापुढेही परवानगी देऊ शकतं.

शिरोडकर टाका आजही साधारण 12 ते 14 व्या आठवड्यात घालतात आणि 37 व्याच्या आसपास काढतात.