नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२, सातारा – १३ मार्च १८००, पुणे) हे पेशवाईच्या उत्तरकाळातील प्रमुख मुत्सद्दी व पेशव्यांचे कारभारी होते. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत पुणे दरबाराची सूत्रे मुख्यत्वे त्यांच्या हाती होती. इंग्रज आणि फ्रेंच यांच्या वैराचा मराठी राज्यासाठी उपयोग करून घेणे व घरच्या दुफळीतून परकीय सत्तेचा शिरकाव होऊ न देणे, ही त्यांच्या राजकारणाची दोन मुख्य उद्दिष्टे होती. साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून त्यांची गणना होते. इतर तिघांप्रमाणे ते तलवारबहाद्दर नव्हते, हे त्याचे कारण सांगितले जाते.

पूर्वायुष्य

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीच्या मोहिमेत होते. फडणिशी, म्हणजे राज्याच्या हिशेबाचे व दप्तराचे काम, पुढे या घराण्यात वंशपरंपरेने चालले. नाना १७६१ मध्ये पानिपतच्या मोहिमेत कुटुंबासह गेले होते. रणांगणातून ते कसेबसे निसटले. त्यांच्या मातोश्री मात्र या धामधुमीत कायमच्या दुरावल्या. त्यांनी लिहिलेले छोटेखानी आत्मचरित्र याच कालखंडापर्यंतचे आहे.

बारभाई आणि रघुनाथरावांचे प्रकरण

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला व रघुनाथराव गादीवर आले. त्यांच्याविरुद्ध नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदींनी बारभाईंचे कारस्थान उभारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे त्यांनी राज्यकारभार सुरू केला.

पदच्युत रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरत येथे मुंबईकर इंग्रजांशी तह केला. फौजेच्या मदतीच्या मोबदल्यात त्यांनी साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. भाऊबंदकीच्या वादात इंग्रज फौज अशा रीतीने प्रथमच उतरली. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारने हा तह नामंजूर करून कर्नल अप्टन यास पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी कबूल केले, पण साष्टी परत केली नाही.

फ्रेंच वकील पुण्यात

सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यात आला. चौल बंदराच्या बदल्यात फ्रेंच सैन्य व शस्त्रे पुरवण्याची बोलणी त्याने चालवली. नानांनी त्याचा मोठा सत्कार केला. इंग्रजांवर दडपण ठेवणे हा त्यामागील हेतू होता. त्या मर्यादेत तो साधलाही, कारण इंग्रज वकील मॉस्टिन याने तक्रारींचा सूर लावला. परंतु याच भीतीने मुंबई व कलकत्ता येथील इंग्रज पुन्हा युद्धाकडे वळले. फ्रेंचांची मदत मात्र कधीच आली नाही. १७७८ मध्ये नानांनी सेंट ल्युबिनला निरोप दिला.

त्याच वर्षी नानांचे चुलतबंधू मोरोबा फडणीस यांनी तुकोजी होळकरांच्या पाठिंब्याने कारभार बळकावला आणि रघुनाथरावांना आणण्यासाठी मुंबईकरांशी संधान बांधले. नानांना काही काळ पुरंदरावर राहावे लागले. महादजी शिंदे यांच्या साहाय्याने त्यांनी मोरोबांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी कोंडीत पकडले व जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे शरणागतीचा तह करण्यास भाग पाडले.

सालबाईचा तह

वडगावचा तह कंपनीने मानला नाही. तेव्हा नानांनी १७८० मध्ये हैदरअली, निजाम व नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. निजाम व भोसले यांना इंग्रजांनी लवकरच थंड केले. हैदर मात्र लढत राहिला. १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. हैदरच्या आशेवर नानांनी त्यास मंजुरी देणे लांबवले. डिसेंबरात हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये त्यांनी तह मान्य केला. रघुनाथरावांना इंग्रजांचा आश्रय मिळणे बंद झाले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीय सत्तेस वखारी घालू न देण्याचेही पेशव्यांनी कबूल केले. त्यामुळे फ्रेंचांचा पर्याय कागदोपत्री संपुष्टात आला.

१७८६ पासून चार्ल्स मॅलेट पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. १७९० मध्ये नानांनी टिपूविरुद्ध इंग्रज व निजाम यांच्याशी करार केला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने मराठ्यांना मुलूख मिळाला, पण इंग्रजांचा दक्षिणेतील मोठा प्रतिस्पर्धी दुबळा झाला.

अखेरची वर्षे

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांना नानांचा प्रथम विरोध होता. पुढे डाव उलटल्यावर त्यांनाच गादीवर बसवण्यासाठी नानांनी निजामाशी महाड येथे करार केला व खर्ड्याला मिळवलेला मुलूख परत देण्याचे मान्य केले. ज्या सौदेबाजीला त्यांनी रघुनाथरावांच्या बाबतीत विरोध केला, तिचाच आश्रय त्यांना अखेरीस घ्यावा लागला.

३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या युरोपीय सरदाराने नानांना विश्वासघाताने कैद केले. १७९८ मध्ये सुटून ते पुन्हा कारभारात आले. मे १७९९ मध्ये टिपू मारला गेल्यावर इंग्रजांनी त्याच्या राज्याचा काही भाग अटींवर देऊ केला. पुणे दरबाराने तो नाकारला. तैनाती फौज स्वीकारण्यासही नानांच्या हयातीत पुणे दरबार राजी झाला नाही.

मृत्यूनंतर

नानांच्या मृत्यूनंतर शिंदे-होळकरांचे वैर उफाळून आले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीरावांनी इंग्रजांकडे धाव घेऊन ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे तैनाती फौजेचा तह केला. सुरतेला पित्याने मागितलेली मदत पुत्राला अशा प्रकारे स्वातंत्र्याच्या मोबदल्यात मिळाली. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला.

वाईजवळील मेणवली येथील कृष्णाकाठचा वाडा व घाट आणि पुण्यातील बेलबाग मंदिर ही नानांची स्मारके आजही उभी आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे.