डॉ. व्हर्जिनिया ॲपगार : बाळाच्या पहिल्या मिनिटाचा हिशेब

बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर वजनाशेजारी ‘ॲपगार ८, ९’ असे आकडे तुम्ही पाहिले असतील. ॲपगार हे एका डॉक्टरांचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म १९०९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीत झाला. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचे होते, पण त्यांचे विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. १९४९ मध्ये त्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या.

प्रसूतीच्या वेळी भूल देताना त्यांना एक गोष्ट खटकत होती. सगळे लक्ष आईकडे असे. श्वास न घेणारे, निळे पडलेले बाळ पुष्कळदा वाचणार नाही असे धरून बाजूला राही. बाळाची अवस्था कशी ठरवायची, असे एका विद्यार्थ्याने विचारल्यावर त्यांनी समोरच्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असे सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. ही पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

शिकाऊ डॉक्टरांना याचा मोठा उपयोग झाला. आता ‘बाळ बरे दिसते’ एवढ्यावर भागत नव्हते. जन्मानंतर एका मिनिटाने पाचही गोष्टी स्वतः पाहाव्याच लागत. प्रसूती करणाऱ्याने स्वतः गुण देऊ नयेत, असाही त्यांचा आग्रह होता, कारण त्याचा हात सैल पडतो. श्वासनलिकेत घालायची नळी त्या नेहमी जवळ बाळगत. पुढे त्यांनी जन्मजात दोषांवर काम केले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज दोन गोष्टी तुम्ही लक्षात ठेवा. पहिली, कमी गुण म्हणजे बाळ पुढे मंद होईल असे नाही. दुसरी, उपचारासाठी डॉक्टर या गुणांची वाट पाहत नाहीत. शंभरातील साधारण दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला थोडी मदत लागते. पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटातच बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो.

हे पुस्तक वाचून जमत नाही. मास्क नीट बसला नाही, तर हवा बाजूने निसटते आणि छाती फुगत नाही. म्हणून शिकाऊ डॉक्टर आणि नर्स बाळाच्या आकाराच्या बाहुलीवर सराव करतात. सराव थांबला की काही महिन्यांतच हात विसरतो, म्हणून उजळणी लागते. आपल्याकडे सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून हेच प्रशिक्षण देतो.

प्रसूतीसाठी नाव नोंदवताना एक प्रश्न जरूर विचारा : जन्माच्या वेळी फक्त बाळाकडे पाहणारी प्रशिक्षित व्यक्ती खोलीत असेल का?